मारित्येचं माहेर

सोहोनीकाका लायब्ररीत कधी बसत नसत. कॉम्प्युटरसमोर ते उभे, एक पाय सतत हलता, आणि खुर्चीवर त्यांची पिशवी. बसा म्हटलं की म्हणायचे, "बसलो की डोकंही बसतं." सारी नोकरी नागपुरात जमिनीच्या जुन्या नोंदी वाचण्यात गेलेली. अमेरिकेत शॉमबर्गला, आमच्या गल्लीत राहणाऱ्या मुलाकडे आल्यावर या माणसाला वाचायला काही उरलं नाही, आणि सगळ्या घराला त्यांच्या येरझारांचा वैताग आला.

काम मिळालं ते आमच्या शेजारच्या जोनकडून. तिचे पूर्वज न्यूयॉर्क इंग्रजांचं होण्याआधी तिथे येऊन राहिलेले डच. मूळ पुरुष हेंड्रिक. त्याची बायको मारित्ये, पण ती कुणाची लेक ते कळत नव्हतं. जोनला कॅन्सर होता आणि जाण्यापूर्वी तेवढं एक नाव तिला हवं होतं. डचांतही नावापुढे बापाचं नाव लागतं हे कळताच काका खुलले. दर शनिवारी मी त्यांना लायब्ररीत सोडायचो. तिसऱ्या शनिवारी एका चर्चच्या जुन्या यादीत त्यांना 'मारित्ये हेंड्रिक्स' सापडली, आईबापांच्या नावासकट. काकांनी झोकात वंशावळीचा तक्ता काढून दिला. जोनने तो फ्रेम करून भिंतीवर लावला.

काकूंनी भाजी निवडता निवडता विचारलं, ही हेंड्रिकची बायको कशावरून, लेकही असेल की. काकांनी समजावलं, बाईच्या नावापुढे नवऱ्याचं नाव असतं.

"ते आपल्यात," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळभर काका आमच्या ड्राइव्हवेत फेऱ्या घालत होते. त्यांनी पुन्हा तपासलं होतं. डच बाया लग्नानंतरही बापाचंच नाव लावत. म्हणजे जोनच्या भिंतीवर भलत्याच हेंड्रिकची लेक टांगलेली होती.

त्यांचा मुलगा म्हणाला, "बाबा, ती खूश आहे ना? कशाला डिस्टर्ब करता?"

"नोंद चुकली तर चुकली म्हणायचं. परक्या बाईला आई म्हणायला लावू का तिला?"

आणि तडक जाऊन सांगून आले. जोनने फ्रेम उतरवली आणि म्हणाली, मग खरी शोधा. पुढचे पाच आठवडे काकांनी मला धड जेवू दिलं नाही. अखेर हेंड्रिकच्या मुलाच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचं नाव मिळालं, मारित्ये यान्स. म्हणजे यानची मारित्ये. त्यावरून तिचे आईबापही सापडले. जोनने हॉस्पिटलच्या खाटेवर ती नावं दोनदा मोठ्याने वाचली. काका तेव्हा रडले आणि मीही.

आता तरी स्वस्थ बसतील असं वाटलं होतं, पण छे. त्यांनी स्वतःची वंशावळ काढली. सात पिढ्या, आणि त्यात एकही बाई नाही. वडिलांच्या आईचं माहेर कुठलं, म्हणून नागपुरात फोनवर फोन झाले. तिला सगळे माई म्हणत, याखेरीज कुणालाच काही ठाऊक नव्हतं. मला म्हणाले, "परक्यांची शोधली रे. माझी सापडत नाही."

गेल्या वर्षी नागपुरात परतल्यावर काका वारले. काकूंनी मला त्या वंशावळीचा फोटो पाठवला. माईसाठी नव्याने आखलेल्या चौकटीत प्रश्नचिन्ह होतं. काकूंच्या चौकटीत मात्र काकांच्या अक्षरात 'कमल विष्णू पाठक', म्हणजे काकूंचं माहेरचं नाव, जे लग्नाच्या दिवशी काकांनी स्वतःच बदललं होतं. खाली काकूंनी लिहिलं होतं, "हे त्यांच्या लक्षात होतं, मला ठाऊकच नव्हतं."