हेडगुरुजींच्या तिकड्या

निवडून घेतल्यानं जगात कुणाचं भलं झालेलं नाही, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला. साठच्या दशकात पासलीच्या दोनशिक्षकी शाळेत ते हेडगुरुजी होते आणि दुसरा शिक्षक मी. भोरच्या बाजारात ते डोळे मिटून वांगी उचलत. "गुरुजी, किडकं घेतलं की वो!" भाजीवाली कळवळायची, हे प्रसन्न. एसटी स्टँडवर पहिली लागेल ती गाडी यांची. एकदा पासलीऐवजी शिवऱ्याला उतरले आणि हमरस्त्यावरच्या टपरीत चहा पीत तासभर तंद्रीत बसून राहिले.

या वेडाचा गावाला उपयोग व्हायचा तो भातलावणीला. तीन-तीन घरांनी मिळून एकमेकांची खाचरं लावायची, ही तिथली सावड. पूर्वी बैलवाली घरं आधी एकमेकांना धरत, आणि शेवटी उरत ती एकमेकांशी न पटणारी. गुरुजींनी ज्या तीन घरांची एकत्र यायला तयारी असेल, अशा सगळ्या तिकड्यांच्या चिठ्ठ्या घागरीत टाकल्या. हाताला येईल ती तिकडी पक्की. त्या घरांची नावं असलेल्या बाकीच्या चिठ्ठ्या वेचून फाडायच्या. पुन्हा हात घालायचा, चिठ्ठ्या संपेपर्यंत. मग एखाद-दुसरंच घर उरे. "गाव जितकं मोठं, तितका उरणाऱ्यांचा हिस्सा शून्याकडे जातो," फळ्याशी उभे राहून ते पुटपुटत. हे सिद्ध करणं हे त्यांचं आयुष्याचं स्वप्न होतं. तोवर मुलं पाढे विसरत.

एका वर्षी फक्त कोंडाबाई उरल्या. बौद्धवस्तीत एकट्या राहायच्या. त्यांच्याशी सावड धरायला तयार घरं मोजकीच, म्हणून त्यांचं नाव मुळात दोनच चिठ्ठ्यांत होतं, आणि दोन्ही फाटल्या होत्या. रोप पिवळं पडायला लागलं होतं.

"गुरुजी, पहिल्यापासून काढू या," मी हळूच म्हटलं.

"मग जो उरेल, त्याला काय सांगाल?"

त्यांनी पाटी घेतली आणि मोठ्या गावात उरणारे कसे नाहीसे होत जातात, ते कोंडाबाईंना फार प्रेमानं समजावलं. बाईंनी शांतपणे ऐकलं.

"व्हय गुरुजी. पर त्या उरल्याल्यात म्याच हाय न्हवं? माझं रोप वाळंल, त्याचं काय?"

गुरुजींनी पाटी पुसली आणि खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. धोतर खोचून ते खाचरात उतरले, मलाही ओढलं. "वळीत लावा की! हितं चार काड्या, तितं एक बी न्हाई!" कोंडाबाई दिवसभर ओरडत होत्या, आणि गुरुजी मध्येच चिखलात पाय रुतवून ढगांकडे बघत उभे राहत होते. दिवस मावळताना शेवटची मूठ लागली. गुरुजी बांधावर बसले, बोटांवर गावातली घरं मोजू लागले.

"यंदा कुणी उरलं नाही," ते अगदी हळू म्हणाले.

ती सिद्धता त्यांना पुढं कधी जमली नाही, आणि त्या संध्याकाळी त्यांना तिची आठवणही नव्हती.