बाटलीतलं उरलेलं

ट्रेकिंगच्या सामानाच्या दुकानात मी मोजे घ्यायला गेलो होतो. काउंटरपाशी साठीतलं एक जोडपं सॅकमध्ये मावेल असा छोटा स्टोव्ह बघत होतं. काकांच्या डोक्यावर आजारपणानंतर नुकतेच उगवलेले, बाळाच्या जावळासारखे मऊ केस होते.

“दोघंच जाणार असाल तर गॅसचा घ्या, काका. हलका पडतो,” दुकानदार म्हणाला.

“नको. गॅसच्या डब्यात किती उरलंय ते कळत नाही.” असं म्हणून काकांनी पेट्रोलवरच्या स्टोव्हची बाटली उचलली आणि कानाशी धरून हलवली. बाटली अर्थातच रिकामी होती.

मला आई आठवली. रॉकेलचा स्टोव्ह पेटवण्याआधी ती तो असाच हलवून बघायची. आतलं डुचमळणं ऐकूनच आज नुसता भात की सोबत आमटीसुद्धा, ते ठरायचं. किती उरलंय हे कळलं की माणूस बेतानं वागतो. माणसाच्या आत मात्र असं काही डुचमळत नाही. डॉक्टर छातीला नळी लावून कितीतरी वेळ ऐकतात, आणि विचारलं की खिडकीबाहेर बघतात.

“कळून काय करायचंय?” काकूंनी हळूच विचारलं.

“चहा दोघांचा ठेवायचा की एकाचा, ते ठरवता येतं.”

काकूंनी काकांच्या हातातून बाटली घेतली आणि तिचं झाकण घट्ट लावलं. “हाच द्या,” त्यांनी दुकानदाराला सांगितलं. मग नवऱ्याकडे न बघताच म्हणाल्या, “पण चहा दोघांचाच ठेवायचा. संपेल तेव्हा संपेल.”