साडूभाऊंची निळी नाती

माझ्या थोरल्या साडूंइतका नात्यांचा पसारा डोक्यात बाळगणारा माणूस शहापूर-मुरबाडात दुसरा झाला नाही, आणि तो पसारा कॉम्प्युटरच्या तक्त्यात कोंबायचं धाडस तर अख्ख्या ठाणे जिल्ह्यात कुणी केलं नसेल. भातसानगरला धरणावर त्यांची नोकरी. पन्नाशी उलटल्यावर शहापूरच्या क्लासात पोरापोरींच्या मागच्या बाकावर बसून ते एक्सेल शिकले. एखाद्या शब्दाला लिंक लावली की तो निळा होतो आणि त्यावर दाबलं की दुसरंच पान उघडतं, ही विद्या ज्या दिवशी हाती आली, त्या दिवसापासून हा माणूस कामातून गेला. स्वयंपाकघरातल्या डब्यांचासुद्धा तक्ता झाला. निळ्या 'हळदी'वर दाबलं की 'वरची फळी, डावीकडं' असं उघडायचं. त्यांचं यंत्र सुरू होईपर्यंत अक्कांची, म्हणजे त्यांच्या बायकोची, भाजी शिजून उतरलेली असायची.

"अगो, तू माहेरी गेलीस तर डबा सापडाय नको?" साडूभाऊ म्हणायचे.

"सापडला तरी तुमी काय रांधनार हाव?" अक्का विचारायच्या. यावर लिंक नव्हती.

पण त्यांचा खरा जीव नातेवाइकांच्या तक्त्यात. एका पानावर सगळ्यांची निळी नावं. नावावर दाबलं की दुसऱ्या पानावरची त्या घराची ओळ पुढ्यात यायची: गाव, पाकिटावर काय लिहायचं, चहात साखर किती, आणि माणूस कशावरून रुसतो. माझ्या ओळीत 'लवकर रुसतो, लवकर जेवतो' असं लिहिलं होतं. मी हरकत घेतली तर म्हणाले, "भाऊ, खोटं असंल तर सांगा, पुसतो." मी जेवायला बसलो.

रुसण्याच्या रकान्यात त्यांनी स्वतःबद्दल मात्र काही लिहिलं नव्हतं, आणि रुसून तर ते आमच्या मेव्हण्यावर बसलेले. हा मेव्हणा म्हणजे अक्कांचा आणि माझ्या बायकोचा एकुलता भाऊ. मुरबाडजवळ भातशेती करतो. त्याच्या मुलाच्या लग्नपत्रिकेत छापणाऱ्याच्या चुकीनं साडूभाऊंचं नाव निमंत्रकांतून घसरून खाली 'आमच्या दादाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणाऱ्या चिल्ल्यापिल्ल्यांत जाऊन पडलं. मेव्हण्यानं माफी मागायची सोडून, "भावजी, वय कमी झालं तुमचं," म्हणत हसून घेतलं. तेव्हापासून बोलणं बंद.

पुढे साडूभाऊंच्या लेकीचं लग्न ठरलं. नवरीला मांडवात आणायचं मामानं. लेक म्हणाली, "बाबा, मामा नसला तर मी बोहल्यावर चढायची नाय." साडूभाऊंनी पत्रिकेत मेव्हण्याचं नाव छापलं नाहीच, वर तक्त्याच्या दुसऱ्या पानावरची त्याची अख्खी ओळ उडवून टाकली. अक्का दोन्हीकडून कात्रीत. घरात डबे आपटायला लागले.

मग पाकिटं लिहायला मी बसलो. साडूभाऊ एकेक निळं नाव दाबत, गाव पाठ असल्यानं तोंडानंच सांगत आणि पाकिटावरचा मजकूर उघडेल तसा न पडताळता धडाधडा वाचत. पत्रिका गावोगाव पोचल्या आणि फोन सुरू झाले. डोळखांबचा एक ब्रह्मचारी काका विचारत होता, "सुना-नातवंडांसह या लिवलंय. मी कोनाला आनू?" एका आत्याचं पाकीट तिच्या व्याह्यांच्या नावानं गेलं होतं. ती म्हणाली, "मी तरी लग्नाला यायचं का व्याह्यांना धाडायचं?"

साडूभाऊ यंत्रापुढे बसले. एकेक नाव दाबून पाहिलं. मेव्हण्याच्या वरच्यांचं सगळं ठीक. त्याच्या खालच्या प्रत्येकाच्या नावावर शेजारच्याचं घर उघडत होतं. चष्मा काढून म्हणाले, "भाऊ, एक वळ काढली, तर सगळी सरकली हो."

त्यांनी मेव्हण्याच्या जागी एक रिकामी ओळ घातली. सगळी घरं मुकाट्यानं आपापल्या नावाखाली आली. मी चिडवलं, "झालं की. रिकामीच ठेवा आता."

"रिकामी वळ बरी नाय दिसत," असं पुटपुटत त्यांनी एका बोटानं मेव्हण्याचं नाव लिहायला घेतलं. दाराआड उभ्या अक्कांनी डोळ्याला पदर लावला.

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन जीपनं मुरबाडला गेले. पत्रिकेत निमंत्रकांच्या सगळ्यात वर मेव्हण्याचं नाव शाईनं लिहिलं होतं. मेव्हण्यानं ती वरपासून खालपर्यंत वाचली. "पोरांच्यात नाय टाकलंत ना, तेच बघत होतो," म्हणाला आणि आत बायकोला चहा ठेवायला सांगितला. लग्नात भाचीला मांडवात आणताना तिच्यापेक्षा तोच जास्त रडला.

साडूभाऊ जाऊन आता काही वर्षं झाली. तो तक्ता माझ्याकडे आहे. मेव्हणा आला की चहाच्या आधी तो उघडायला लावतो आणि स्वतःच्या हातानं साडूभाऊंचं निळं नाव दाबतो. बाकी सगळी नावं आपापलं घर उघडतात, पण या नावावर भातसानगर उघडत नाही. मेव्हण्याचं स्वतःचंच घर उघडतं: मुरबाड, साखर दोन चमचे, रुसत नाही.

"सरकलंय वाटतं," मी पहिल्यांदा म्हणालो होतो. "नीट करू का?"

तो पडद्याकडे बघतच म्हणाला, "नको भावजी. हाय तितं ऱ्हाऊ द्या त्यांना."