कुडाळ ते पणजी, खिडकीजवळची सीट

हे मी आजवर कोणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, आईपाशी नाही. बाबांपाशी तर नाहीच. बारा वर्षं होत आली. इतक्या वर्षांत विसरायला हवं होतं ना? नाही विसरलो.

आधी घरचं सांगतो, नाहीतर पुढचं नीट कळणार नाही.

आमची वाडी मालवणजवळ, अगदी किनाऱ्याला लागून. बाबा रापणीवर जायचे. रापण म्हणजे लांबच लांब जाळं – होडीतून समुद्रात अर्धगोल टाकायचं आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचे. जो दोराला हात लावील त्याला माशांचा वाटा. आमची होडी नव्हती, जमीन नव्हती. बाबांचे दोन हात होते. मी सातवीत असताना दोरात अडकून त्यांचं उजवं मनगट मोडलं, आणि तो सगळा हंगाम ते पडवीत बसून राहिले.

तरी आमची चूल पेटत राहिली, ती भिवाकाकांमुळे. रापणीचे वाटे तेच घालायचे. वाळूवर माशांचे ढीग मांडताना ते रोज एक ढीग आमचाही मांडायचे. एकदा कोणीतरी कुरकुरलं, "अंकुश खंय आसा दोराक?" अंकुश म्हणजे माझे बाबा. भिवाकाका मानही वर न करता म्हणाले, "तो घराकडसून ओढता." सगळे हसले आणि विषय तिथंच संपला. तो वाटा आई बाजारात विकायची. त्यावर आम्ही जेवलो आणि माझी शाळा सुटली नाही. पुढे मी कोल्हापूरला वसतिगृहात राहून बी. कॉम. झालो. आमच्या घरात पहिला – आमच्या वाडीतही पहिलाच. याचा मला अभिमान होता, आजही आहे. तो मी लपवणार नाही.

आता ती सीट.

पणजीच्या एका कंपनीतून मुलाखतीचं बोलावणं आलं. आदल्या रात्री मी कुडाळला मित्राकडे थांबलो. शर्ट त्याचा, इस्त्रीही त्याचीच. पणजीला वेळेत पोचवणारी गाडी एकच – सकाळची एसटी. मालवणहून ती भरूनच आली, कुडाळला थोडेच उतरायचे होते, आणि स्टँडवर झुंबड उडाली. गर्दीत सीट धरायची आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक असेल. गाडी थांबायच्या आत खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, काहीतरी आत टाकायचं. ज्याचा रुमाल त्याची सीट. हे कुठं लिहिलेलं नाही, पण लोक पाळतात. मीही पाळत आलो होतो.

मी दारातून रेटून आत शिरलो. खिडकीजवळची एक सीट रिकामी होती. म्हणजे – रिकामी नव्हती. तिच्यावर एक टॉवेल पडलेला होता.

मी टॉवेल उचलला, पायाशी टाकला आणि बसलो.

विचार न करता झालं, असं म्हणणार नाही. विचार केला होता. उभ्यानं गेलो तर पणजीपर्यंत शर्टाची घडी मोडेल – एवढाच.

मग एक बाई आली, एका म्हाताऱ्याला हाताला धरून. त्यांच्या एका पायाला जाड पट्टी होती. पहिल्या नजरेत मी ओळखलं. भिवाकाका. बाई त्यांची सून असणार. लग्न होऊन ती वाडीत आली तेव्हा मी कोल्हापुरात होतो, तिनं मला कधी पाहिलेलं नव्हतं.

"दादा, हंय मी टॉवेल टाकललो," ती म्हणाली. "ह्येंका उभ्यान जमाचा नाय. हंयच्या दवाखान्यातसून बांबोळीक न्हेतंय." बांबोळी म्हणजे पणजीच्या पुढचं मोठं हॉस्पिटल. आमच्याकडून माणसाला तिकडे नेतात ते इथले उपाय संपल्यावर.

तेव्हाच उठायचं होतं. पाय हलवला असता तर टॉवेल दिसला असता. मी म्हणालो – शुद्ध, शाळेतल्या मराठीत म्हणालो, "मी बसलो तेव्हा इथं काही नव्हतं."

ती हटली नाही. कंडक्टर आला. "टॉवेल बोलता काय गो? बसलो तेची सीट. चला, पुढे सरका." मागून एकजण म्हणाला, "साहेब माणूस तो. खोटा कित्याक बोलतलो?"

हे वाक्य मला त्या वेळी आवडलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला साहेब म्हटलं, ते हे.

दुसऱ्या कोणी उठून जागा द्यायला नको होती का? होती. पण ती त्यांची गोष्ट, मी माझी सांगतोय.

गाडी सुटली. भिवाकाका माझ्याच सीटचा दांडा धरून उभे होते. जरा वेळानं ते वाकले आणि माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले, "तू आमच्या अंकुशाचो झील मा रे?"

आणि मी म्हणालो, "नाही. मी कोल्हापूरचा."

मला वाटतं, सीट बळकावण्यापेक्षा हे वाईट. सीटसाठी मी बापाला नाही म्हटलं.

"बरां," ते म्हणाले. "तोंड तसाच दिसता. माका आता नीट दिसणा नाय. राग मानू नको हां, साहेबा."

सावंतवाडीपर्यंत ते उभे होते. मी खिडकीबाहेर बघत होतो. स्टँड आला तेव्हा सून म्हणाली, "मामांनू, उतारया. मागच्या गाडयेन जावया." दोघं उतरली. ती त्यांना बाकावर बसवत होती तेवढं दिसलं, मग गाडी वळली. बांदा गेलं, पत्रादेवीच्या नाक्यावर गाडी थांबली, पोलीस पिशव्या बघून उतरले, गोवा सुरू झाला. टॉवेल माझ्या बुटाखालीच होता. तो मी सीटखाली आत सरकवला.

पणजी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. पोर्तुगीजांच्या वेळची पिवळी, निळी घरं, लाल कौलं, लाकडी जिना चढून वर ऑफिस. आत विचारलं, कुठले तुम्ही? मी ताठ मानेनं सांगितलं, मालवणचा, वडील मासेमारी करतात. ते खूश झाले. माझा शर्ट तसाच कडक होता.

भिवाकाका त्या दिवशी बांबोळीला पोचले तेव्हा नंबर लावायची वेळ टळली होती. दुसरी तारीख मिळाली. तोवर जखम वर चढली. पाय गुडघ्याखालून काढावा लागला. हे मला बाबांनी फोनवर सांगितलं, हळहळत. वेळेवर पोचले असते तर पाय वाचला असता का? मी डॉक्टर नाही, मला माहीत नाही.

पहिल्या पगारानंतर पेढे घेऊन त्यांच्याकडे गेलो. न जाऊन कसं चाललं असतं? दारातूनच मालवणीत बोलायला लागलो – मोठ्यानं, ठसक्यात. त्यांनी माझा बसमधला आवाज ओळखू नये म्हणून. त्यांनी माझा हात चाचपडून धरला. "साहेब झालंस रे, अंकुशाच्या झिला," म्हणाले. त्यात काही होतं की नव्हतं, ते मला आजही ठरवता येत नाही.

तेव्हापासून वाडीत मी मालवणीशिवाय एक शब्द बोलत नाही. लोकांना त्याचं फार कौतुक. "एवढो शिकलो, गोव्यात ऱ्हवता, पण भाषा सोडूक नाय" – बाबा हे चारचौघांत ऐकतात आणि त्यांचा चेहरा फुलतो. मी शेजारी उभा असतो.

भिवाकाका चार वर्षांपूर्वी गेले. त्यांना खांदा द्यायला मी पणजीहून आलो. सून रडत होती. माझ्याकडे बघून तिनं हात जोडले, लांबून आलो म्हणून. बसमधला तो माणूस तिनं ओळखलेला दिसला नाही, आणि तिलाही मी सांगितलं नाही.

नोकरी मला मिळाली. त्याच कंपनीत आज मी हिशेब विभागाचा प्रमुख आहे. म्हापशात दोन खोल्यांचं घर घेतलं आहे, ते माझ्या नावावर आहे.