बांडगुळाचे घास

खोटं बोलायची मला सवय नाही. उलट फटकळ म्हणूनच माझी ख्याती. पण त्या दिवशी सुनेने "आई, किती खाल्ली तिने?" असं विचारलं आणि माझ्या तोंडून निघालं, "दोन."

त्याआधीचं सांगते. हिवाळ्यात मी कॅनडात, सरेला मुलाकडे गेले होते. नाताळ चार दिवसांवर आलेला. शेजारच्या बाईंनी एक डहाळी आणून दिली, व्हिक्टोरियाला राहणाऱ्या त्यांच्या बहिणीच्या सफरचंदाच्या झाडावरची. मिसलटो म्हणे. ती दारावर टांगायची आणि तिच्याखाली दोघं समोरासमोर आली की पापा घ्यायचा. "अगं बाई! आणि समोर सासरे आले तर?" असं मी विचारल्यावर सून खो-खो हसली. मुलाने डहाळी तोरणासारखी किचनच्या दाराला बांधली आणि दुसऱ्या दिवशी तो कामासाठी ओटावाला गेला.

मी ते झाड बघताक्षणी ओळखलं. बांडगूळच की! आमच्या रत्नागिरीकडे आंब्याआंब्यावर असतं. पाखरू फळ खातं, चिकट बी फांदीला पुसतं, तिथेच ते रुजतं आणि आंब्याचा रस पिऊन फोफावतं. लहानपणी आम्ही त्याची गुलाबी फळं ओरबाडून खायचो. ही पांढरी होती. म्हटलं, असेल इकडची वेगळी जात. शहाणपणा बघा माझा!

दुपारी सून बेसमेंटमध्ये मीटिंगला बसली होती. चार वर्षांची नात वरणभाताला तोंड लावेना. मी स्टुलावर चढून फळं तोडली आणि म्हटलं, "तुझी आजी लहानपणी काय खायची, बघ." लगेच तिने आ केला. मग मलाही चेव आला. एकेका घासाला एकेक फळ: हा घास काऊचा, हा घास चिऊचा. "आजी, इट्स सो स्टिकी!" म्हणत ती खिदळत होती.

सून पाणी प्यायला वर आली आणि माझ्या हातातली फळं बघून किंचाळली. "आई, ते पॉयझनस असतं!"

ती विषबाधेच्या हेल्पलाइनला फोन लावत होती, आणि मला आठवत होतं की आल्या दिवशीच तिने सांगितलं होतं, "आई, तिला नवीन काही द्यायचं असेल तर आधी मला विचारा हं." त्यावर मी फणकारले होते, "तीन पोरं वाढवलीत मी." म्हणून दोन म्हटलं. दोनच म्हटलं तर कमी चूक होते, असं वाटलं असावं.

फोनवरच्या बाईंनी सांगितलं की एक-दोन फळांनी सहसा काही होत नाही, लक्ष ठेवा. जास्त खाल्ली असतील तर मात्र हॉस्पिटलमध्ये आणा. सुनेने "थँक गॉड" म्हणून फोन ठेवला आणि मटकन खाली बसली. एवढ्यात नात पोट धरून म्हणाली, "आजी, माय टमी हर्ट्स."

"दोन नव्हती गं," मी म्हटलं. "जास्त होती. मी खोटं बोलले."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त पोरीला जॅकेट चढवलं. गाडीत वायपर चालू होते. मी मागच्या सीटवर नातीचा हात धरून देवाला म्हणत होते, मला घे, पण हिला काही करू नकोस.

इमर्जन्सीत नर्सने नेमका आकडा विचारला. आकडा मला कुठला ठाऊक? मी मोजून थोडीच भरवली होती! मग तिथेच, सगळ्यांसमोर, बोटांवर मोजत म्हणू लागले. काऊचा. चिऊचा. बाबाचा. आजोबांचा.

"आणि माझा?" सून म्हणाली. "आई, आठवा नीट. माझा घास दिलात?"

"नाही गं," मी म्हटलं. "तुझा दिलाच नाही."

हे बोलताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रोजच्या जेवणातसुद्धा मी तिचा घास कधी म्हटला नव्हता, हे मला तिथे कळलं. ती नर्सकडे वळून म्हणाली, "फोर. ओन्ली फोर." आणि तोंडावर हात दाबून रडायला लागली.

संध्याकाळपर्यंत पोरीला तिथे ठेवून घेतलं. एकदा उलटी झाली. मग तिने फ्राइज मागितले, तेव्हा डॉक्टर हसले आणि घरी न्या म्हणाले.

घरी आल्यावर सुनेने आधी ती डहाळी काढून कचऱ्यात टाकली. मग मऊ खिचडी केली. भरवायला आपण बसायचं धाडस मला होईना, म्हणून मी लांब सोफ्यावर टेकले. सुनेने पहिला घास उचलला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "हा घास आजीचा."