हत्तीची दाढ

सांगते, पण मध्येच हसलात तर पुढचं सांगणार नाही. मी भूशास्त्रात एमएस्सी करतेय आणि दचकणं हा माझा स्वभाव आहे. कुकरची शिट्टी होणार हे माहीत असूनही दचकते, म्हणजे विचार करा.

आमच्या वर्गाला सर पूर्णा नदीवर घेऊन गेले होते, शेगावच्या पलीकडे. दगड ओळखायचे आणि काठाच्या जुन्या गाळात जीवाश्म दिसतात का बघायचं. प्रकल्पाचा विषय फक्त माझाच ठरायचा होता. मला जीवाश्मच हवे होते. सरांनी बसमध्ये सांगून टाकलं, "आज काही सापडलं तर जीवाश्म तुझे. नाहीतर मी देईन तो विषय."

दुपारपर्यंत मला बेसाल्टचे गोटे सापडले, आणखी गोटे सापडले आणि एक चप्पल.

मग वाळलेल्या गाळातून डोकावणारा तो तुकडा दिसला. तळहाताएवढा, तपकिरी, वर एकाशेजारी एक कंगोरे. आता जिने आदल्याच आठवड्यात हत्तीच्या दाढेचं चित्र पाच वेळा काढलंय, तिला दुसरं काय दिसणार?

यावर सरांनी शिकवलेली एक परीक्षा असते. हाडाच्या जीवाश्मात बारीक छिद्रं असतात, ती ओल शोषतात, म्हणून ते जिभेला चिकटतं. साधा दगड चिकटत नाही. मी तुकडा ओढणीने पुसला, इकडेतिकडे पाहिलं आणि जीभ लावली.

चिकटला.

खात्रीसाठी दुसऱ्या बाजूनेही लावली. तिथेही चिकटला.

मी सरांना अशी हाक मारली की पलीकडच्या काठावरची बकरी पळाली. सगळे धावत आले. कुणी पट्टी ठेवून फोटो काढले, कुणी कंगोरे मोजले. सर म्हणाले, परीक्षा करून दाखव, सगळ्यांना कळू दे. मी सावकाश, शिकवल्यासारखी, तिसऱ्यांदा जीभ लावली.

तेवढ्यात मागून आवाज आला.

"काऊन वं पोरी, माही वजरी काऊन चाटून राह्यली?"

मी इतकी दचकले की हत्तीची दाढ सरांच्या बुटावर पडली. मागे धुण्याची बादली घेतलेल्या एक मावशी उभ्या होत्या.

"टाचा घासाची हाय ते. परवा धुनं धुतलं, त इथंच राह्यली."

भाजलेली माती. तिलाही छिद्रं असतात, तीही जिभेला चिकटते. हे मला आत्ता आठवत होतं. सर नदीकडे तोंड करून उभे होते, पण खांदे हलत होते. मावशींना मात्र माझी खरोखर काळजी वाटली.

"उपाशी हायेस का? भाकर देतो मी, पन असं नोको करू."

विषय तिथेच मिळाला. पूर्णाकाठची माती. सर म्हणाले, "सुरुवात तर तू केलीच आहेस."

त्याचंही एवढं वाईट वाटलं नाही. पण मावशी पाण्यात उतरल्या, आणि टाचेला लावण्याआधी त्यांनी ती वजरी साबण लावून तीनदा धुतली.