चुडा कापला, भूल मिळाली नाही

"एवढी चांदी बाळगता, आणि वर सरकारचं कार्ड?"

भूल देणारा डॉक्टर ऑपरेशनच्या खोलीच्या दारात उभा राहून हे बोलला. हातात काळी बॅग. समोर माझी आई स्ट्रेचरवर, हिरवा गाऊन घालून. तिची चांदी सकाळीच उतरवली होती. बापूच्या, म्हणजे माझ्या बापाच्या, मांडीवर उपरण्याच्या गाठीत होती ती. डॉक्टरने त्या गाठीकडे बोट केलं आणि हसला. सिस्टर हसली.

कनेरगाव नाक्याच्या अलीकडे आमचा बंजाऱ्यांचा तांडा. मी तिथे अंगणवाडीत मदतनीस. सरकारी विम्याची कार्डं आली तेव्हा घरोघर मीच फिरले. म्हाताऱ्यांचे अंगठे हाताला धरून मशीनवर टेकवले. "खासगी दवाखान्यात बी ऑपरेशन फुकट होते," असं सांगणारी मीच. आठवलं की आजही माझीच मला लाज वाटते.

आईचं अंग बाहेर येत होतं. दोन वर्षं तिने कुणाला सांगितलं नव्हतं. बसताना कलून बसायची, सरपण आणताना वाटेत चारदा थांबायची. मला कळलं ते तिचा घागरा धुताना.

हिंगोलीतल्या एका खासगी दवाखान्यात कार्ड चालतं असं समजलं. ऑपरेशन करणारा डॉक्टर गोड बोलला. "काही काळजी करू नका, काकू." जरा जास्तच गोड. आमच्याशी इतकं गोड कुणी बोलत नाही. पाणी कुठंतरी मुरतंय, हे मला तेव्हाच वाटलं होतं. पण आईच्या तोंडाकडे बघून तारीख घेतली.

सकाळी आधी मशीनवर तिचा अंगठा घेतला. कागद निघाला. मग सिस्टर म्हणाली, "चुडा काढा. दंडाला बीपीचा पट्टा लावायचाय."

आमच्यात दंडावरचा चुडा नवरा मेल्यावर उतरतो. कानाजवळची चांदीची घुगरी-टोपलीही तेव्हाच. घुगरी-टोपली आईने स्वतःच सोडली. चुडा मात्र लग्नापासूनचा, साबण लावूनही निघेना. वॉर्डबॉयने आरीचं पान आणलं आणि एकेक बांगडी कापली. बापू समोरच बसला होता. जिवंत. त्याने भिंतीकडे तोंड केलं.

"याडी," मी हाक मारली. आईला आम्ही याडी म्हणतो.

"कापू दे," ती म्हणाली. "दुखणं जाऊ दे एकदाचं."

आणि मग तो भूल देणारा डॉक्टर आला. बॅग न उघडताच विचारलं, "कार्डाची केस आहे का? मी कार्डावर घेत नाही. माझे रोख, वेगळे." चांदीचं ते वाक्य त्यानंतरचं. ते बोलून तो स्कूटरवर बसला आणि दुसऱ्या दवाखान्यात भूल द्यायला निघून गेला.

गोड डॉक्टर म्हणाला, "माझं तर फुकटच आहे. भूलवाल्यांवर माझा जोर चालत नाही. कार्डावर येणारा कुणी असला तर तुम्हीच बघा."

मी बघायला निघाले. पायी. गावात भूल देणारे आणखी दोघं आहेत असं एका औषधाच्या दुकानात कळलं. पहिल्याच्या कंपाउंडरने कार्ड हातातही घेतलं नाही.

"साहेब कार्डावर येत न्हाईत."

"काहून?"

"ते साहेबालाच माहीत."

दुसऱ्याच्या घरी बाई दारात आली. माझ्या हातातलं कार्ड बघूनच म्हणाली, "साहेब नांदेडला गेलेत." अंगणात गाडी उभी होती. आत कुणीतरी पुरुष खोकत होता. तिघांचं आपसांत ठरलेलं असणार, असं मला वाटलं. आजही वाटतं. पुरावा माझ्याकडे नाही.

परत आले ती थेट मशीनवाल्या माणसाकडे. "कार्डातून काय काय गेलं?"

तो नवा होता, बोलून गेला. "समदंच. ऑपरेशन, भूल, औषधं, जेवण, जाण्यायेण्याचं भाडं."

"भूल बी?"

"व्हय. ती धरलेलीच राहते त्यात."

म्हणजे भूल सरकारकडूनही घ्यायची आणि आमच्याकडूनही. आणि वर हसायचं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तिकडे बापू उपरण्याची गाठ सोडत होता. "सोनाराकडं जाऊन येतो. भांडू नको, लेकरा. तुझ्या आईची तकलीफ बघ."

मी गाठीवर हात ठेवला. "न्हाई."

आयुष्यात मोठ्या माणसाला पहिल्यांदा न्हाई म्हटलं, ते बापाला. मग डॉक्टरच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले.

"भूलवाले कार्डावर येत न्हाईत म्हणून ऑपरेशन होत न्हाई, एवढं लिहून द्या. सही करा, शिक्का मारा."

गोडवा उडाला. "अंगणवाडीत आहेस ना तू? कळवू का वर?"

"कळवा. पर ते बी लिहूनच कळवा."

तो लिहीना. तोंडाने सगळे बोलत होते, कागदावर कुणीच यायला तयार नव्हतं. तेव्हा मला कळलं की ही माणसं कशाला भितात. मी तिथून हलले नाही. शेवटी कार्डातले पैसे जाऊ नयेत म्हणून मशीनवरची नोंद त्यांना रद्द करायला लावली, आणि रद्द झाल्याचा कागद घेऊनच मी आईला उठवलं.

तांड्यावर बायांनी आईचे उघडे दंड बघितले, आणि आधी मागे वळून बापू येतोय का ते बघितलं.

ऑपरेशन पाच महिन्यांनी नांदेडच्या सरकारी दवाखान्यात झालं. ते पाच महिने आई कलूनच बसली. "चांदी देऊ दिली असतीस तर?" असं एकदा म्हणाली. तिचं चुकलं नव्हतं. माफी मात्र मी मागितली नाही.

आता तांड्यावरून कार्ड घेऊन कुणीही निघालं की मी सोबत जाते. टेबलावर हात ठेवून एकच विचारते, भूल कोण देणार? त्याचं नाव लिहा, कार्डावर येणार असं लिहा, खाली सही करा. दवाखान्यांत मला भांडकुदळ म्हणतात. काहींनी दारातूनच परत पाठवलंय. पाठवू द्या. नाव कागदावर आल्याशिवाय आमच्या एकाही माणसाचा अंगठा मी त्या मशीनवर टेकू देणार नाही.